कन्हानचा मोर

आमचे हे कोळसा खाणीतून रिटायर झाले आणि त्यांचं बोलणंच आटलं. हुडकेश्वरच्या नव्या घरात सोफ्यावर बसून भिंतीकडे पाहत राहायचे. मी एकटीच बडबडायची, अन् मला तर ऐकणारा लागतो. मग ते बस धरून कन्हान नदीच्या पात्रात फिरायला जाऊ लागले आणि पिशवी भरभरून गोटे आणू लागले. प्रत्येक गोट्यात पक्षी. "पाह्य वं, ही चोच. हा बगळा. आदिमानवाच्या हातचा." मला बटाटे दिसायचे. पण माणूस बोलून राहिला होता, म्हणून मीही "हो, बगळाच" म्हणायची.

एक दिवस मात्र खरंच मोर आला. सपाट काळ्या दगडाचा तुकडा, त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली मान, तुरा, पिसारा. ह्यांनी तो रुमालानं पुसून पुसून चमकवला. म्हणाले, "विद्यापीठातल्या सरले दाखवतो. हजारो वर्षांचा निघते, पाहजो तू."

मी मात्र तो पाहताच ओळखला. पाट्याला टाकी लावणारी बाई छिन्नीनं असेच ठिपके पाडते आणि हौसेनं मधे एखादं चित्र काढते. फुटका पाटा घरात ठेवू नये म्हणून नदीत सोडतात. तसाच कोणीतरी सोडलेला. अगदी जिभेवर आलं होतं, पण जन्मात पहिल्यांदा मी गप्प बसले. हा माणूस पुन्हा भिंतीकडे बघत बसला तर?

सरांनी भिंगातून पाहिलं. माणूस भला. हळूच म्हणाले, "काका, हा पाट्याचा तुकडा आहे. लोखंडी छिन्नीचे घाव आहेत हे." ह्यांनी "बरं" म्हटलं आणि दगड रुमालात बांधला. घरी चहा पुढ्यात निवला. भिंत पुन्हा सुरू.

मला असा राग आला! सरांचा नाही, त्या भिंतीचा. स्वयंपाकघरातला आपला पाटा उचलून आणला आणि त्यांच्या समोर आदळला.

"कंबर गेली माझी. बोट फिरवा याच्यावर."

त्यांनी फिरवलं, अन् बोट मधेच थांबलं. झिजून झिजून उरलेली मान, जराशी चोच.

"काहून वं, हा कधीचा?"

"आपल्या लग्नाचा. टाकीवालीनं विचारलं, मासोळी काढू का मोर? म्हटलं, मोर काढ, आमच्या यांले पाखरं आवडतात. इतकी वर्षं याच्यावरची चटणी खाऊन राहिले तुम्ही, अन् मोर शोधाले गेले कन्हानले."

ते हसले. खळखळून. मला मेलीला रडूच आलं.

आता तो पाटा त्यांच्या गोट्यांच्या रांगेत पहिला आहे. मला त्यावर काही वाटू देत नाहीत, मोर झिजेल म्हणे. चटणी मिक्सरमधली, बेचव. परवा चिडून म्हटलं, "मोर झिजते ते दिसते तुम्हाले. अन् मी झिजली ते?"

चष्मा पुसत म्हणाले, "तेच पाहून राहिलो ना वं आता."