निळी बोटं

मोरचूद तापवलं की त्यातलं पाणी उडून जातं आणि ते पांढरं पडतं. त्याचा निळेपणा त्या पाण्यामुळेच असतो. थेंबभर पाणी टाकलं की ते गरम होतं आणि निळा रंग परत येतो. पलूसच्या शाळेत विज्ञान शिकवताना हा प्रयोग मी वर्षानुवर्षं मिरवला आहे.

त्या रविवारी दुपारी दुसऱ्या दिवसाच्या तासासाठी जुन्या तव्यावर मोरचूद भाजलं, भुकटी वाटीत काढली आणि दारात कुणी हाक मारली म्हणून गेले. शिकलेल्या बाईची अक्कल! आमच्याकडे मीठही तसल्याच वाटीत असतं.

आत वडील जेवायला बसले होते. जन्मभर त्यांनी द्राक्षबाग केली. ती काढून पाच वर्षं झाली, आणि गेलं वर्षभर ते मला ओळखत नाहीत. परक्या बाईशी बोलावं तसं बोलतात. हात धुऊन ओल्या बोटांनी स्वतःच मीठ घ्यायची सवय मात्र गेलेली नाही.

"मीठ गरम लागतंय," ते म्हणाले.

मी धावले. चिमूट तोंडात गेली नव्हती, पण बोटं निळी झाली होती, फवारणीच्या दिवसांत असायची तशी. वडील बोटांकडे बघत राहिले, मग त्यांनी मान वर केली.

"पोरी, विळा आण. चुना कमी पडला असंल."

बागेवर फवारायच्या मोरचूद आणि चुन्याच्या द्रावणात विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी. लहानपणी हे काम माझं असायचं. बाग राहिली नाही हे मला सांगवेना. मी विळा आणला आणि नुसत्या पाण्यात बुडवून दाखवला.

"थर न्हाई, आण्णा."

"मग चल. वारं सुटायच्या आत उरकू."

मी रडत रडत त्यांचे हात साबणानं तीनदा धुतले. बोटं स्वच्छ निघाली.

"आवं बाई," ते म्हणाले, "तुमी कुणाकडच्या?"

ती भुकटी फेकून द्यायला हवी होती. हवेतलं पाणी लागू नये म्हणून मी ती बरणीत घट्ट झाकून ठेवली आहे. मला हल्ली माझीच भीती वाटते. परवा घरात आम्ही दोघंच होतो. मी त्यांची बोटं ओली केली आणि बरणीचं झाकण काढलं.