पुढच्या चाकाचं कुंकू

माझा देवावर विश्वास आहे का, असं कोणी विचारलं की मी बरीच वर्षं विषय बदलत आलो. बंगळूरच्या एका यंत्रांच्या कारखान्यात, तपासणी विभागात माझी सारी नोकरी झाली. सुटा भाग हातात घ्यायचा, मोजायचा आणि केसभर फरक असला तरी परत पाठवायचा, एवढंच माझं काम. मोजता येत नाही त्यावर सही करायची नाही, ही सवय मग घरीही लागली. देवघरात अक्का दिवा लावायची आणि मी शेजारी बसून पेपर वाचायचो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तेव्हापासून चिकपेटमधलं वडिलांचं शिवणकामाचं दुकान आणि मी, दोघांनाही तिनंच सांभाळलं. मी साठी ओलांडली तरी ती मला ‘पुट्टा’ म्हणते, म्हणजे बाळ, आणि तेही मल्लेश्वरमच्या बाजारात चारचौघांसमोर.

या पावसाळ्यात तिची नजर फारच कमी झाली. डोळ्यांतला दाब वाढून कडेचं दिसणं गेलं होतं. नळीतून बघावं तेवढं समोरचं तिला दिसे, बाकी अंधार. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायला ऑपरेशन करू, पण दुखणं इतकं पुढे गेलंय की त्यात उरलेलीही जाऊ शकते, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. ऑपरेशनचा बुधवार ठरला. घरी येताना रिक्षात अक्का म्हणाली, “बुधवारच्या आत एकदा मैलाराचं तोंड बघायचंय मला. मग काय व्हायचं ते होऊ दे.”

मैलार म्हणजे आमचा खंडोबा. आमचे लोक इकडे येऊन इतक्या पिढ्या झाल्या की देवाची दोन्ही नावं आमचीच झाली आहेत. कनकपुऱ्याच्या पुढे एका टेकडीवर त्याचं छोटं देऊळ आहे, लहानपणी वडील आम्हाला न्यायचे. तिथे देवाला चांदीचा मुखवटा चढतो तो फक्त रविवारी, आणि बारा वाजता उतरतो. पुढच्या बाजूने पायऱ्या आहेत, पण अक्काच्या गुडघ्यांना त्या झेपणाऱ्या नव्हत्या. मागच्या बाजूने एक कच्चा रस्ता वर जातो, खडकांचा आणि तांबड्या मातीचा. साधी गाडी तिथे चढत नाही. माझ्याकडे जीप होती, म्हणून मी हो म्हणालो.

या जीपबद्दल सांगायला हवं, कारण माझा सगळा अहंकार तिच्यात साठलेला होता. निवृत्त झाल्यावर एका लिलावात मी ती घेतली. जुनी, गंजलेली, पण चारही चाकांना जोर देणारी. दोन वर्षं खपून तिचा प्रत्येक बोल्ट मी स्वतः खोलला आणि बसवला. कुठल्या मेकॅनिकला हात लावू दिला नाही. रविवारी तिला घेऊन रानवाटा शोधत फिरायचं, हा माझा छंद. अशा जुन्या गाडीत पुढच्या चाकांना एरवी जोर मिळत नाही. प्रत्येक पुढच्या चाकाच्या मधोमध तळहाताएवढी चकती असते. खाली उतरायचं, चाकापुढे गुडघे टेकून ती हाताने फिरवायची, दुसऱ्या चाकाचीही तशीच, आणि मग आत बसून लिव्हर ओढायचा. तेव्हा कुठे पुढची चाकं ओढायला लागतात. अक्काला न्यायचं म्हणून शनिवारी मी दोन्ही चकत्या उघडल्या, पुसल्या आणि आत नवं ग्रीस भरलं. लागतं त्याच्या दुप्पट भरलं. तिच्यासाठी काही कमी पडायला नको, असं मला वाटत होतं. मग गाडी आतून धुतली आणि जुन्या चिंध्या, डबे सगळं काढून टाकलं, कारण तेलाच्या वासाने तिचं डोकं उठतं.

रविवारी पहाटे मी खाली आलो तर अक्का तबक घेऊन जीपजवळ उभी. हळद, कुंकू, म्हाळसेच्या ओटीसाठी नवा खण. चाचपत चाचपत ती चाकापाशी वाकली आणि बोटं थेट चकतीकडे गेली. मी जवळजवळ ओरडलोच.

“अक्का, तिथे नको. कालच साफ केलंय सगळं.”

“सरी, सरी,” म्हणजे बरं बरं, ती म्हणाली. “मधे नको तर कडेला लावते. पण लावणार.”

चारही चाकांच्या राखाडी रंगावर, अगदी कडेला, हळदीकुंकवाचे जाडसर ठिपके पडले. तो रंग मी हाताने दिला होता. मी मनातल्या मनात चरफडलो आणि खोटं कशाला सांगू, ती आत बसल्यावर ते पुसून टाकायचं असं ठरवलंही. पण पुसायला चिंधी शोधली तर सापडेना. सगळ्या मीच फेकल्या होत्या. म्हणून कुंकू राहिलं.

टेकडीच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. मी गुडघे टेकून दोन्ही चकत्या फिरवल्या, लिव्हर ओढला आणि चढायला लागलो. अर्ध्या चढावर, जिथे खडक संपून ओली तांबडी माती लागते, तिथे जीप थांबली ती थांबलीच. मागचं चाक गरगर फिरे आणि चिखल उडवे. गाडी पुढे जायच्या ऐवजी हळूहळू कडेकडे सरकत होती. मी दगड लावले, टायरमधली हवा कमी केली, फांद्या टाकल्या. अक्काला उतरवून बाजूच्या खडकावर बसवलं. पावणेअकरा झाले. टेकडीवरून घंटेचा आवाज येत होता आणि माझा धीर सुटत चालला होता. ज्या एका दिवसासाठी ही गाडी इतकी वर्षं घासूनपुसून ठेवली असं वाटत होतं, त्याच दिवशी तिने मान टाकावी? मी देवाला मनात नको ते बोललो. म्हटलं, तिने तुझं एवढं केलं, तुला एक रस्ता देता येत नाही?

पुन्हा आत बसून गाडीला जोर दिला, तेवढ्यात अक्का म्हणाली, “पुट्टा, मागचं कुंकू फिरतंय. गोल कडं दिसतंय. पुढचं उभंच आहे.”

“चारही फिरतायत अक्का. मी स्वतः लावलंय. तुला दिसत नाही नीट.”

शब्द बाहेर पडले आणि माझे मलाच लागले. ती चिडली नाही.

“एकच दिसतं रे मला,” ती म्हणाली. “एका वेळी एकच. पण ते दिसतं. पुढचं उभं आहे.”

मी उतरून पुढच्या उजव्या चाकापाशी गेलो. कुंकवाचा ठिपका वर, अगदी गाडी अडकली तेव्हा होता तिथेच, त्याच्यावर चिखलाचा शिंतोडासुद्धा नाही. पुढची दोन्ही चाकं नुसती उभी होती. लिव्हर पडला होता, चकती फिरली होती, पण आत काहीच जुळलं नव्हतं. तासभर मी एका चाकाच्या जोरावर झगडत होतो आणि खाली वाकून बघायचं मला सुचलं नव्हतं. माझ्या हातचं काम चुकेल, ही शक्यताच मी धरली नव्हती.

काय झालं असेल ते क्षणात लक्षात आलं. चकतीच्या आत एक कडं असतं, ते सरकून दात जुळतात. मी आत ग्रीस इतकं ठासलं होतं की त्या कड्याला सरकायला जागाच उरली नव्हती. एका बाजूचं जरी अडलं तरी दोन्ही चाकांचा जोर जातो. पाना होता, पण ग्रीस पुसायला चिंधी नाही. मी शर्ट काढायला लागलो, तेव्हा अक्काने तबकातला खण पुढे केला.

“हा म्हाळसेचा आहे,” मी म्हणालो.

“तिच्याच घरी जातोय ना? पूस.”

एक मेंढपाळ मघापासून लांब उभा राहून बघत होता. कपाळभर भंडारा, काखेत एक कोकरू. तो जवळ आला, ‘स्वल्प तडी’ म्हणजे जरा थांबा असं म्हणाला आणि ओंजळ पुढे केली. चिखलात बोल्ट पडला तर सापडला नसता. मी एकेक बोल्ट काढून त्याच्या ओंजळीत ठेवत गेलो, आणि ती ओंजळ शेवटपर्यंत हलली नाही. हिरव्यागार खणाने मी ते ग्रीस पुसत होतो आणि माझे डोळे भरून आले होते. दोन्ही बाजू उघडल्या, पुसल्या, नुसता हात फिरवल्याएवढं ग्रीस ठेवलं आणि बंद केल्या. या वेळी चकती फिरवताना आतून ‘खट्’ असा आवाज आला. लिव्हर ओढला आणि जीप चिखलातून संथपणे वर आली. लोक सांगतात त्या अशा अनुभवांत मदत करणारा मागे वळून पाहिलं की नाहीसा झालेला असतो. हा झाला नाही. त्याने अक्काला उचलून पुढे बसवलं आणि कोकरासकट स्वतः मागे चढला, कारण त्यालाही वरच जायचं होतं.

देवळात पोचलो तेव्हा एक वाजत आला होता. गाभारा रिकामा, मुखवटा उतरलेला. अक्काला कसं सांगावं याचा विचार करत मी उभा होतो, तर म्हातारे पुजारी मागच्या ओसरीवर बसून चिंचेने मुखवटा घासत होते. मी त्यांना कन्नडमध्ये सगळं सांगितलं, बुधवारचंही. त्यांनी मुखवटा पाण्याने धुतला, कोरड्या फडक्यावर ठेवला आणि अक्काला समोर बसायची खूण केली.

वेळेवर पोचलो असतो तर काय झालं असतं, हे मला तेव्हा कळलं. रविवारची गर्दी, उंबऱ्याबाहेरून दर्शन, आत समईचा उजेड. नळीएवढ्या नजरेला त्यात फार तर एक चमक दिसली असती. आता देव वीतभर अंतरावर, उन्हात होता. अक्काने मान अगदी खाली नेली आणि एकेक करून सगळं पाहिलं. आधी एक डोळा. मग दुसरा. मग मिशीचं टोक, कपाळावरची रेघ, कानातलं कुंडल. किती वेळ गेला मला माहीत नाही. मी घड्याळ पाहिलं नाही, आणि देवाकडेही फारसं पाहिलं नाही. मी तिच्याकडे पाहत होतो.

“झालं,” ती शेवटी म्हणाली. “सगळा बघितला.”

बुधवारचं ऑपरेशन पार पडलं. पट्टी काढल्यावर डॉक्टर म्हणाले, होती तेवढी नजर शाबूत आहे. त्यांच्या हाताला यश आलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. बाकी कोणी काय केलं, याचा हिशेब मी मांडत नाही. चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. मी चिंध्या फेकल्या नसत्या तर कुंकू पुसलं गेलं असतं, तिची नजर धड असती तर तिने एकाच ठिपक्याकडे बघितलं नसतं, आणि आम्ही वेळेवर पोचलो असतो तर तिला देव दिसला नसता. यातली एकही गोष्ट मी ठरवली नव्हती. मी जे जे ठरवून, काळजीने केलं, तेच अडलं होतं. दोन भाग एकमेकांत फिरायचे तर मधे थोडी जागा सोडावी लागते, हे मी कारखान्यात आयुष्यभर नव्या मुलांना शिकवलं. स्वतःच्या आयुष्यात मात्र कडेपर्यंत ठासून भरत राहिलो. आता माझं काम मी करतो, आणि उरलेली जागा मोकळी ठेवायला शिकतोय. रोज जमतं असं नाही.

आता देवघरात पेपर नेत नाही. आणि जीप बाहेर काढायच्या आधी मीच चाकं धुतो, अक्काला हात धरून खाली आणतो आणि तिच्या शेजारी गुडघे टेकून बसतो. करंड्यात बोट बुडवून ती दर वेळी मुद्दाम विचारते, “कुठे लावू रे, पुट्टा?”

“कडेला लाव, अक्का,” मी म्हणतो. “तुला दिसेल असं.”