सरांचा राहिलेला उत्तरपक्ष

आमच्या तत्त्वज्ञानाच्या सरांइतका वादात हरलेला माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका वाद घालायला शिकवणारा माणूस तर उभ्या मराठवाड्यात नाही, हे मी गेवराईपासून परळीपर्यंत कुठल्याही पारावर उभी राहून सांगायला तयार आहे. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाला कशी लागू पडतात म्हणाल, तर तीच तर खरी गंमत! कॉलेजातलं एखादं पोर ‘तत्त्वज्ञान घेऊ का?’ म्हणून विचारायला आलं की माझ्या अंगात वारं शिरतं. पुस्तकांची नावं सांगायची सोडून मी सरांच्या गोष्टी सांगत सुटते आणि चहा उतू जातो.

तेलगावच्या बाजूला, ऊस आणि कापूस यांच्या मधोमध आमचं कॉलेज. तिथला तत्त्वज्ञान विभाग म्हणजे सर, एक कपाट आणि आम्ही चार टाळकी. सर भर उन्हाळ्यातही गळ्याला मफलर गुंडाळून लुनावर यायचे. वाटेत विचारात पडले की लुना फाट्यावर मधोमध उभी! मागून गाणी लावलेला उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवून वाजवून दमायचा, आणि सर मागं वळून ड्रायव्हरला विचारायचे, “कावून ओरडायलास?” तेही खरंच उत्तर पाहिजे असल्यासारखं. ड्रायव्हर बिचारा खाली उतरून समजावून सांगायचा. सल्ले तर त्यांच्या तोंडातून भुईमुगाच्या शेंगांसारखे भराभर पडायचे. भांडायला जाताना पोटभर जेवून जावं. देव हाय का न्हाई ते खुशाल विचारावं, पण आईची आरती संपल्यावर. पहिल्या वर्षी घरच्यांना शहाणपण शिकवू नये, दुसऱ्या वर्षी तर मुळीच नाही, आणि तिसऱ्या वर्षी नीट अभ्यास केला असला तर शिकवावंसं वाटणारच नाही.

पण या सगळ्या सल्ल्यांचा बाप म्हणजे त्यांचा पूर्वपक्ष. आपल्याकडे जुन्या पंडितांची रीत अशी, की समोरच्याचं म्हणणं खोडायच्या आधी ते आपण स्वतःच्या तोंडानं मांडायचं. तो झाला पूर्वपक्ष. त्यानंतर आपलं उत्तर, तो उत्तरपक्ष. सर म्हणायचे, समोरच्याचं म्हणणं इतकं झकास मांडा की त्यानं मान डोलवून म्हटलं पाहिजे, ‘हां, मला हेच म्हणायचं होतं.’ तोवर आपलं तोंड उघडायचा तुम्हाला हक्क नाही. इतर लोक ही रीत वहीत लिहून घेतात आणि विसरतात. सर ती जगत होते, आणि नेमका तिथंच घोटाळा होता. समोरच्याची बाजू ते अशी काही रंगवायचे की उत्तरपक्षाची पाळी यायच्या आत घंटा तरी व्हायची, नाहीतर समोरचा जिंकून निघून तरी जायचा.

एकदा आम्ही सरांबरोबर एसटीनं बीडला निघालो होतो. सर एका जागेवर बसले, तर तिथं आधीच कुणीतरी खिडकीतून रुमाल टाकून ठेवलेला. रुमालाचा मालक आत येऊन गुरगुरायला लागला. सरांनी त्याला हातानं थांबवलं आणि त्याचीच बाजू मांडायला सुरुवात केली. रुमाल हे नुसतं फडकं नाही, ती गैरहजर माणसाची हजेरी आहे. बांधावरच्या दगडाला आपण मानतो ना, मग सीटवरच्या रुमालानं काय घोडं मारलंय? सगळी एसटी माना डोलवायला लागली. कंडक्टरनं तिकीट फाडायचं थांबवलं. शेवटी सगळ्यांचं एकमत होऊन सरांनाच उठवण्यात आलं, आणि ते बीडपर्यंत दांडीला लोंबकळत, तोंडभर हसत उभे राहिले.

माझ्या वडिलांच्या बाबतीतही तेच. मी तत्त्वज्ञान घेणार म्हटल्यावर आबांनी घर डोक्यावर घेतलं होतं. सर घरी आले आणि आबांच्या शेजारी सतरंजीवर बसून आबांचीच काळजी बोलायला लागले. पोरगी शिकली आणि रिकामी बसली तर भाऊबंद कसे हसतील, रात्री बापाचा डोळा कसा लागणार नाही, सगळं. ऐकता ऐकता आबांचे डोळे भरून आले. “मास्तर, माझं काळीज वाचलं तुमी,” ते म्हणाले. “एवढं कळतंय तुमाला, तर न्या पोरीला.” झालं. तिथं वाद जिंकला, पण उत्तरपक्ष काही कुणी ऐकला नाही.

मग आली ती बैठक. विद्यार्थी कमी म्हणून तत्त्वज्ञान विभाग बंद करायचं संस्थेनं मनावर घेतलं होतं. सरांनी उभं आयुष्य त्या एका कपाटाशेजारी घातलेलं. अध्यक्ष गावातले मोठे बागायतदार, पण मनानं वाईट नव्हते. त्यांनी सरांना म्हणणं मांडायला बोलावलं. आम्ही आदल्या दिवसापासून सरांच्या मागं लागलो होतो, की सर, हात जोडतो, आजच्या दिवस आधी आपलं बोला, मग त्यांचं. सर म्हणाले, “असं कसं, बाई? सोयीपुरता पाळला तर त्यो नेम कसला?”

आम्ही खिडकीला नाक लावून उभे. सर उठले, मफलर सारखा केला आणि विभाग बंद का करावा ते सांगायला लागले. काय बोलले हो! दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन कारखान्याला जातात, मागं पोरगा शेरडं सांभाळतो आणि धाकट्या बहिणीला भाकरी करून घालतो. त्याला आत्मा-अनात्मा सांगणं म्हणजे तहानेल्याला विहिरीचं चित्र दाखवणं. संस्थेला ही कळकळ आहे म्हणूनच ती हा विचार करते आहे. एवढी कळकळ आपल्यात आहे हे संस्थेलाही तेव्हाच कळलं असावं. एका संचालकांनी डोळे पुसले. अध्यक्ष भारावून म्हणाले, विभागप्रमुखच इतकं पटवून सांगत असतील तर चर्चा कशाला? भराभर हात वर झाले. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून येसरच्या आमटीचा वास आला आणि मंडळी जेवायला उठली. सर बोट वर करून तसेच उभे. अध्यक्षांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. असा प्रामाणिक माणूस पाहिला नाही म्हणाले, चला, गरम आहे तोवर जेवून घ्या.

सर बाहेर लिंबाखाली आले.

“मंजूर झाला,” ते म्हणाले.

“काय मंजूर झाला, सर?”

“पूर्वपक्ष.”

आम्ही आधी खो-खो हसलो आणि मग तिथंच बसून रडलो. आमची बॅच बाहेर पडली त्या वर्षी विभागाची पाटी उतरली. निवृत्त होईपर्यंत सरांना ग्रंथालयात बसवलं. त्या दिवशी काय बोलणार होता, असं मी त्यांना कितीदा तरी विचारलं. निकालानंतर जे बोलतात ते रडगाणं असतं, एवढंच म्हणायचे. मला मात्र फार वाईट वाटायचं. अख्ख्या जगाची बाजू मांडणाऱ्या माणसाची बाजू ऐकायला कुणी बसलंच नव्हतं.

परवा माझ्या बहिणीच्या मुलीवरून घरात तसाच धिंगाणा झाला. तिला संभाजीनगरला तत्त्वज्ञान शिकायचंय, बहिणीला तिला फार्मसीला घालायचंय. आम्ही दोघी बहिणी माहेरी आलो होतो, मी सरांनाच बोलावलं. लुनावरून आले, मफलरसकट! आबांच्या शेजारी ओसरीवर बसले आणि बहिणीची बाजू अशी मांडली, की हायवेला मेडिकल टाकावं, माणसं आजारी पडायची थांबत नाहीत, लेक डोळ्यासमोर राहते. बहिणीचा चेहरा नुसता फुलला, पोरीचा पडला आणि मी कपाळावर हात मारला. एवढ्यात आतून आईनं हाक दिली, पानं वाढलीत, उठा. बहीण उठली. मीही उठले. आबा काठी चाचपायला लागले. सरांनीही सवयीनं मफलर गोळा केला आणि गुडघ्यावर हात टेकला.

पोरगी जागची हलली नाही. “सर, अजून तुमचं राहिलंय की.”

सर अर्धवट उठलेले, तसेच खाली बसले. मीच तिला पढवलं असणार म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. देवाशपथ, मी काही पढवलं नव्हतं.

“भूक न्हाई लागली तुला?” त्यांनी विचारलं.

“लई लागली. पण आधी तुमचं ऐकते.”

सरांनी चष्मा काढला आणि मफलरानं किती तरी वेळ पुसत बसले. आबांनी काठी पुन्हा भिंतीला टेकवली. बहीण मुकाट्यानं खाली बसली. मग सरांनी घसा खाकरला, बोट वर केलं आणि बोलायला लागले. आईनं आणखी एकदा हाक मारली. भाकरी गार झाली, पण उठलं कुणी नाही.