दुसरी फीत

अनसिंगात पट्टेबहादूर आडनावाची घरं बक्कळ, पण अंगावर खरे पट्टे असलेला माणूस एकच, हवालदार दौलतराव. फौजेत गेला तेव्हा आडनावावरून गावानं त्याची टिंगल केली होती. पुढं बाहीवर तीन पट्टे चढले अन् गावाची तोंडं आपोआप मिटली.

परेडच्या आधी जवानांच्या वर्द्या तपासायचं काम पलटणीत त्याच्याकडंच होतं. कोणाच्या पदकाची फीत केसभर तिरपी दिसली की त्याचं टाळकं फिरायचं. "छातीवर फीत लावली का बैलाच्या शिंगाले बेगड?" असं तो मराठी पोरांना झापायचा, मग तेच हिंदीत बाकीच्यांना. नव्या पोरांना त्याचा पहिला धडा ठरलेला: एका पदकाची एक फीत. तेच पदक फिरून मिळालं तर पदक लटकतं त्या रिबनीवर धातूची बारीक पट्टी चढते, दुसरी फीत मिळत नाही. हा धडा त्याच्या स्वतःच्याच छातीवर लिहिलेला होता. आधी तो काश्मिरात राहिला, तेव्हा सेवापदक मिळालं, मग बर्फाच्या ठाण्यावर गेला. दुसऱ्या वेळी पट्टीच मिळाली. अन् रोजच्या वर्दीवर पदकं नसतात, नुसत्या फिती असतात. म्हणजे बर्फातले ते दिवस त्याच्या अंगावर कुठंच दिसत नव्हते.

त्या जानेवारीत तो सुटीवर आला. सव्वीस तारखेला शाळेत त्याचा सत्कार ठरला होता, म्हणून साहेबांची परवानगी घेऊन वर्दी सोबत आणली होती. सकाळी अंघोळ करून आला तर बायकोनं, गंगूनं, वर्दीला कडक इस्त्री करून खुंटीला टांगलेली. दौलतरावानं हात घातला अन् थबकला. फितींच्या रांगेत त्या सेवापदकाच्या दोन फिती होत्या. एक नवी, अन् तिला खेटून जुनी, रंग उडालेली.

"हे काय केलं, गंगू?"

"पेटीत पडेल होती. धुतली, बसवली टाके घालून," गंगू पदर खोचत म्हणाली. "दोन येळा गेले ना तुमी? मंग एकच काहून? गावात दोनदा सत्कार झाला त दोन शाली येतात घरी. जुन्याच शालीले कोनी ठिगळ लावून देते का?"

दौलतरावाच्या जिभेवर नियम आला होता. पण वर्दी चढवून तो आरशासमोर उभा राहिला. छाती भरल्यासारखी दिसली. पाहणारा म्हणेल, ह्या माणसानं काही केलं हाय. जिभेवरचा नियम त्यानं गिळला. बायकोचं मन कायले मोडाव, असं स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं अन् त्याला ते त्याच वेळी ठाऊक होतं.

शाळेच्या पटांगणात दुसरा पाहुणा केनवडचा, नायब सुभेदार रविकांत. तोही सुटीवर, तोही वर्दीत. दोघं शेजारी-शेजारी खुर्च्यांवर बसले. रविकांतानं हात मिळवला अन् नजर दौलतरावाच्या छातीवर येऊन अडकली.

"पट्टेबहादूर," तो हळूच म्हणाला, "आडनाव मोठं हाय म्हून पट्टेबी जास्तीचे लावता काय? एकाच पदकाच्या दोन फिती मी त पह्यल्यांदाच पाह्यल्या."

दौलतरावाच्या कानशिलांतून वाफ निघाली. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या छात्या तपासल्या, त्याचीच छाती आज तपासली गेली होती. अन् त्याच्या तोंडून निघून गेलं, "बायको अडानी हाय ना, साहेब. तिनं लावून देल्ली. म्या पाह्यलंच नाई."

"असन, असन," रविकांत हसला. "घरच्या बाईले काय कळते त्यातलं!"

दौलतरावही हसला. हसता हसता त्यानं मान वळवली, तर खुर्च्यांच्या मागं बचत गटाच्या बाया फुलांचं ताट घेऊन ओळीत उभ्या होत्या. पाहुण्यांना फुलं द्यायचा मान गुरुजींनी त्यांना दिला होता. सगळ्यांत पुढं गंगू होती, अन् तिच्या खांद्यामागून म्हातारी रामीबाई डोळे बारीक करून पाहत होती.

गुरुजींनी पाहुण्यांची नावं पुकारली. गंगू पुढं आली. रविकांताला फूल दिलं. तो वाकून म्हणाला, "नमस्कार, ताई. तुमी कोन?"

"मीच थे अडानी," गंगू म्हणाली.

रविकांताचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मग तिनं नवऱ्याच्या हातात फूल ठेवलं, सगळ्या पाहुण्यांना देतात तसंच, अन् बाजूला झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या दौलतरावाच्या अंगावर खडे पडावेत तशा पडल्या.

घरी येऊन वर्दी उतरवल्यावर तो काही बोलायच्या आत तिनं वर्दी मांडीवर घेतली अन् सुईच्या टोकानं टाके उसवू लागली.

"तुमाले माहीत होतं?"

"होतं."

"सकायीच?"

"सकायीच."

जुनी फीत निघाली. कापडावर बारीक बारीक भोकं राहिली. गंगूनं त्यांवर अंगठा घासला, पण ती बुजली नाहीत.

"तुमी दोन येळा गेले, त मी दोन येळा राह्यले," ती म्हणाली. "दुसऱ्या येळी सासू गेली. तिरडीले खांदा द्याले मानसं म्या जमा केले. थ्या येळचं कुठं दिसत नाई म्हून लावली. नियम मले ठाव नोता. तुमी सांगतला असता त म्या लावली असती काय?"

"उद्या केनवडले जातो," दौलतराव म्हणाला. "त्या रविकांतले खरं सांगून येतो."

"त्याले कायले? त्याच्या घरी थोडीच राह्याचं हाय मले? सांगाचं असन त बायाइले सांगा. उद्या विहारात जमतात."

दुसऱ्या दिवशी दौलतराव विहारात गेला. परेडच्या मैदानावर आवाज घुमवणारा माणूस, पण आत न जाता दारातच उभा राहिला. बाया सतरंजीवर बसून हिशेब करत होत्या. गंगू मान खाली घालून नोटा लावत होती.

"काल शाळेत म्या बोललो," तो म्हणाला, "का गंगूनं चुकीची फीत लावली, मले माहीत नोतं. थे खोटं होतं. मले माहीत होतं. छाती भरेल दिसाव म्हून म्या राहू देल्ली. अन् पकडलो गेलो त नाव तिचं घेतलं."

मग रामीबाई म्हणाली, "इतकंच सांगाले इस्त्रीचा सदरा घालून आला का, बापा? बरं, झालं सांगून? आता सरक, उजेड अडून राह्यला."

दौलतराव दारातून बाजूला झाला. बायांचा हिशेब पुन्हा सुरू झाला. गंगूनं मान वर केली नाही. तो बाहेर चपलांजवळ थांबून राहिला, ती निघेपर्यंत.