विहिरीत सोडलेलं समुद्राचं यंत्र

आमच्या हिच्या मामांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट सांगितल्याबरोबर खरी मानली नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हे त्यांना मान्य होतं, पण तेही नाशिक रोडच्या त्यांच्या घराची गच्ची पूर्वेकडे उघडी होती आणि रोज खात्री करून घेणं सोयीचं होतं म्हणून. त्यांची सगळी नोकरी नोटांच्या छापखान्यात, छापलेल्या कागदांमधली खोट शोधण्यात गेली. कोरा करकरीत कागद हातात आला की तो उजेडात धरायचा, तिरपा करायचा, बोटाने चाचपायचा आणि यात काहीतरी चुकलेलं आहे, फक्त ते अजून सापडलेलं नाही, असं धरून चालायचं. निवृत्तीनंतर छापखाना सुटला, पण उजेडात धरायची सवय सुटली नाही. लग्नपत्रिका आली की ते आधी पंचांग काढून तिथी आणि वार जुळतात का ते बघायचे, आणि जुळले की अधिकच साशंक व्हायचे. पावसाळ्यात पेपरात ‘इगतपुरीत मुसळधार’ असं वाचलं की इगतपुरीच्या मेव्हण्याला फोन लावून म्हणायचे, “खिडकीबाहेर हात काढ आणि मग सांग.” डॉक्टरकडे गेले की आधी मामींचा रक्तदाब मोजायला लावायचे, कारण मामींचा किती असतो ते त्यांना ठाऊक होतं आणि त्यावरून डॉक्टरांचं यंत्र तपासता येत होतं. मामी म्हणायच्या, “लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा यांनी आधी माझ्यामागे आणखी कुणी उभी आहे का ते वाकून बघितलं. हार मग घातला.” मामांनी हे कधी नाकारलं नाही.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने समुद्राच्या तळाशी जाऊन नोकरी करायची ठरवावी, हा देवाचा निव्वळ खोडसाळपणा होता. शिल्पा प्राणिशास्त्रात एम. एस्सी. झाली आणि लक्षद्वीपला प्रवाळांची पाहणी करणाऱ्या एका संस्थेत तिची निवड झाली. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात उतरायचं, प्रवाळ मोजायचे आणि वर यायचं, असं कामाचं स्वरूप होतं. पोहणं आणि बुडी मारणं ती सगळं रीतसर शिकून आली होती. मामांचा मात्र पाण्याशी संबंध रामकुंडात गुडघ्यापर्यंत, आणि तोही खालच्या फरशीची पायाने खात्री पटल्यावर. संस्था बाकीचं सामान देणार होती, फक्त मनगटावर बांधायचं एक यंत्र ज्याचं त्याने आणायचं होतं. पाणबुड्यांचा कॉम्प्युटर म्हणतात त्याला. आपण किती खोल आहोत, तिथे अजून किती वेळ थांबता येईल आणि वर येताना किती सावकाश यायचं, हे ते यंत्र सांगतं. “नाही ऐकलं तर?” मामांनी विचारलं. शिल्पाने सोड्याच्या बाटलीचं उदाहरण दिलं. खोल पाण्यात श्वासातला वायू रक्तात मुरतो आणि माणूस घाईने वर आला तर बाटली उघडल्यासारखे बुडबुडे येतात. जेवणानंतर स्टेशनाबाहेरच्या गाडीवर सोडा प्यायची त्यांची जुनी सवय त्या दिवसापासून बंद झाली.

“यंत्र मी निवडणार,” एवढंच ते म्हणाले. आम्हाला वाटलं, चला, मामा तयार झाले. आम्ही भोळे होतो.

तेव्हा नाशकात जागोजागी सायबर कॅफे निघाले होते. मामा शिल्पाला घेऊन तिथे जायचे, माहितीचे कागद छापून घ्यायचे आणि घरी आल्यावर प्रत्येक कागद खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायचे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी तक्ता आखला. यंत्र काय काय करतं, किंमत किती, आणि शेवटचा रकाना ‘घेतल्यावर विचारायचं कुणाला?’ या तिसऱ्या रकान्यात त्यांचा जीव अडकलेला असायचा. पहिलं यंत्र दिसायला झकास, महागडं, नाजूक घड्याळासारखं. त्यात होकायंत्र होतं आणि टाकीत किती हवा उरली तेही ते बिनतारी पद्धतीने दाखवायचं. “तार नाही म्हणजे मधल्या मधे काय होतं ते कोण बघणार?” मामा म्हणाले. “आणि इतक्या सोयी देतायत याचा अर्थ मूळ कामात काहीतरी मार खाल्लेला असणार.” शिवाय त्याची बॅटरी संपली की ते सिंगापूरला पाठवावं लागायचं. “आणि पोरगी तोवर काय करणार, किनाऱ्यावर बसून शिंपले वेचणार?” दुसरं यंत्र त्याच्या निम्म्या किमतीत, शिल्पाच्या मैत्रिणीचा भाऊ अमेरिकेहून आणून देणार होता. ते पहिल्याच फेरीत बाद झालं. स्वस्त का, या प्रश्नाला त्या भावाकडे समाधानकारक उत्तर नव्हतं आणि शेवटच्या रकान्यात त्याचंच नाव लिहावं लागत होतं. तिसरं ठोकळ्यासारखं जाडजूड, मोठ्या आकड्यांचं, अंगावर कसलीही नक्षी नसलेलं. त्याची बॅटरी एका नाण्याने झाकण फिरवून घरी बदलता यायची आणि ते दादरला एका दुकानात मिळायचं. दुकानदाराचं आडनाव तांडेल.

या तांडेलचं मागच्या जन्मीचं काहीतरी देणं असावं. मामांनी त्याला फोन केला नाही असा आठवडा गेला नाही. घेतल्यावर तो ओळख देतो का, हे घेण्याआधीच तपासायचं, अशी मामांची योजना होती. त्यासाठी ते स्टेशनासमोरच्या एसटीडी बूथवर जायचे आणि आवाज बदलून बोलायचे. एकदा मी सोबत होतो. मामा रिसीव्हरवर रुमाल धरून म्हणाले, “हॅलो, मी गोव्याहून बोलतोय. तुमच्याकडून घेतलेलं यंत्र अचानक बंद पडलंय.” पलीकडून शांत आवाज आला, तो मलाही ऐकू गेला. “काका, मागे रिक्षावाले ‘शालिमार, शालिमार’ ओरडतायत. नाशकातलं शालिमार गोव्यात कधी आलं?” मामांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. “कान चांगले आहेत,” ते मला म्हणाले, “पण जास्तच चांगले आहेत. लक्ष ठेवायला हवं.”

खरा गोंधळ पुढेच झाला. दोन यंत्रांच्या माहितीपत्रकांतले आकडे शेजारी शेजारी ठेवल्यावर मामांना आढळलं की, तितक्याच खोलीवर महागडं यंत्र माणसाला जास्त वेळ थांबू देतं आणि ठोकळा कमी वेळ. मामा हादरलेच. “दोघांपैकी एक खोटं बोलतंय!” तांडेलने फोनवर समजावलं की रक्तात किती वायू मुरला हे कुठलंच यंत्र रक्त तपासून सांगत नाही, तो अंदाज असतो. काही कंपन्या अंदाज सढळ हाताने करतात, काही हात आखडता घेतात. “हे आमचं यंत्र जरा भित्रंच आहे, काका. पुष्कळ लोक त्याला नावं ठेवतात. पाण्यात मजा यायला लागली की हे वर चला म्हणतं.” मामांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच आपुलकी बघितली. “हे आपल्या घरातलं वाटतं,” ते म्हणाले. तरीही नुसत्या बोलण्यावर विसंबणं शक्य नव्हतं. ते दादरला गेले आणि ‘पसंत पडलं तर ठेवतो’ या बोलीवर ठोकळा घेऊन आले.

मग आम्ही नाशिकजवळ मखमलाबादला गेलो. मामींच्या चुलत बहिणीचा तिथे मळा होता, टोमॅटो, झेंडू आणि मधोमध खोल विहीर. मामांनी सुती दोरीला टेपने मोजून ठरावीक अंतरावर पांढऱ्या चिंध्या बांधल्या होत्या. यंत्र मच्छरदाणीच्या तुकड्यात बांधलं, त्याखाली दगड लावला आणि स्वतःच्या हाताने हळूहळू विहिरीत सोडलं. शिल्पाची ही मावशी पदर खोचून काठावर उभी होती. “दाजी, लय दिवसांनी आले आन् इहिरीत घड्याळ टाकून राह्यले? खोल किती हाय ते मला इचारा ना. माझा जन्म गेला हिच्यात बादल्या सोडण्यात.” मामांनी तिलाही विचारलं आणि तो आकडाही लिहून घेतला, कारण साक्षीदार जितके जास्त तितकं बरं. यंत्र वर ओढलं. ते जिवंत होतं, आत थेंबभर पाणी गेलं नव्हतं, आणि आपण किती खोल जाऊन आलो हे छातीठोकपणे सांगत होतं. फक्त ते दोरीपेक्षा वीतभर कमी सांगत होतं. मामांनी पुन्हा सोडलं, पुन्हा वीतभर कमी. त्यांनी दोरी उन्हात ताणून परत मोजली. दोरी बरोबर होती. मामांचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांनी अखेर खोट सापडली होती.

घरी पोचल्या पोचल्या त्यांनी तांडेलला फोन लावला. “तुमचं यंत्र वीतभर खोटं बोलतं.”

“काका,” तांडेल म्हणाला, “विहिरीत सोडलंत का?”

तांडेलने सांगितलं की हे यंत्र डोक्यावरच्या पाण्याचा भार मोजून खोली ठरवतं. समुद्राचं खारं पाणी जड, तोच हिशोब त्यात धरलेला आहे. विहिरीचं गोडं पाणी हलकं, म्हणून तिथे आकडा थोडा कमी येणारच. “म्हणजे गोड्या पाण्यात खोटं बोलायची त्याला परवानगी आहे?” मामांनी विचारलं आणि फोन ठेवून आमच्याकडे वळले. “बघितलंत, जावईबापू? क्षणभरही थांबला नाही. इतकं लगेच उत्तर येतं म्हणजे पाठ केलेलं असणार.” आणि त्यांनी तक्त्यात चौथा रकाना आखायला घेतला.

शिल्पा इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. संस्थेचं बोलावणं येऊन पडलं होतं आणि दिवाळीनंतर रुजू झाली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. ती पुढे आली आणि मामांच्या हातातली पट्टी तिने काढून घेतली. “बाबा, तुम्हाला कुठलंच यंत्र पसंत पडणार नाही. यंत्र पसंत पडलं की मी जाणार ना.” मामींनी गॅस बंद केला. मामा कॅलेंडरच्या पाठीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते पोरीच्या बोलण्यातही खोट शोधतील. ते नुसतेच म्हणाले, “चहा गार झाला.” दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते दादरला गेले आणि ठोकळ्याचे पैसे चुकते करून आले. शिल्पा गेली.

ज्या दिवशी ती पाण्यात उतरायची त्या संध्याकाळी तिथल्या बूथवरून फोन करायची आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, “बाबा, वर आले.” मग मामांची उलटतपासणी. किती वेळ होतीस, यंत्र काय म्हणालं, त्याने वर चल म्हटल्यावर लगेच निघालीस की आणखी प्रवाळ मोजत बसलीस, सोबत कोण होतं, तो माणूस कसा आहे. मामींना बोलायला मिळेपर्यंत बूथवाला ओरडायला लागायचा. मामींनी पुढे पुढे पोरीला सांगायच्या गोष्टी पत्रातच लिहायला सुरुवात केली.

एका संध्याकाळी फोन आला नाही. मी आणि ही सहज गेलो होतो. दिवेलागण झाली, मामी देवापाशी बसल्या आणि मामा फोनपाशी. संस्थेचा नंबर लागत नव्हता, बूथचा नुसताच वाजत होता. शेवटी त्यांनी तांडेलला फोन केला. रुमाल नाही, आवाज बदलणं नाही. “मी नाशिकहून बोलतोय. पोरीचा फोन आला नाही.” तांडेल म्हणाला, “काका, फोन ठेवा आणि मोकळा ठेवा. मी बघतो.” मामांनी रिसीव्हर ठेवला आणि त्यावरचा हात तसाच राहू दिला. “जावईबापू,” ते म्हणाले, “मला भीती वाटते हो. पहिल्या दिवसापासून वाटते. बाकी सगळं तपासून घेतलं, पण समुद्र कसा तपासायचा?” मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

फोन वाजला तो तांडेलचाच. बेटावरची टेलिफोनची लाइन दुपारपासून बंद होती. बंदरावरच्या कचेरीतला तेवढा फोन चालू होता. तिथे त्याच्या ओळखीचा एक बोटवाला होता, त्याने जाऊन शिल्पाला बोलावून आणलं होतं. “काका, ती दुपारीच वर आली. मी स्वतः बोललो तिच्याशी. जेवलीसुद्धा.” रिसीव्हर मामांच्या कानाशी होता आणि आम्ही सगळे पुढच्या प्रश्नाची वाट बघत होतो. आवाज तिचाच होता हे कशावरून, बोटवाला कोण, जेवली म्हणजे काय जेवली. मामा म्हणाले, “बरं.” आणि फोन ठेवला.

मामींना त्यांनी “वर आली” एवढंच सांगितलं आणि अंगणात जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेलो. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले, मी बघतोय हे ठाऊक असूनही पुसले. मग म्हणाले, “तांडेल चांगला माणूस आहे.” हे वाक्य त्यांच्या तोंडून मी त्याआधी कुणाबद्दलही ऐकलं नव्हतं, आणि नंतरही नाही. मी त्यांच्या सख्ख्या भाचीचा नवरा. त्यांच्या घरी कितीदा जेवलो, त्यांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात उशाशी बसलो, तिथेही ते मला औषधाची बाटली खिडकीपाशी नेऊन धरायला लावायचे आणि मग माझ्याकडे रोखून बघायचे. माझ्याबद्दलचा त्यांचा तपास शेवटपर्यंत पुरा झाला नाही. तो अजून चालू असता तर किती बरं झालं असतं.