धोंडाआत्याच्या माळेतल्या चुली

हिर्डोशीची धोंडाआत्या जपमाळा ओवती. भोरच्या शैलजाताई स्फटिकाचे, अकिकाचे मणी धाडतात आणि आत्या पडवीत पाय पसरून एकेका मण्यामागं गाठ मारती. माळेला मणी लागतात एकशे आठ. आत्याचा हात बोलल्याबिगर चालत न्हाई आणि बोलायला लागली की आकडा हरवतो. पण वाड्यावस्त्या धरून गावात चुलीबी एकशे आठच. म्हणून ती मारुतीच्या देवळापासनं निघती आणि जाग्यावर बसून घरोघर फिरती.

"ही फुलाबाई, कालवण आळणी." गाठ. "हा चिमाजी, आंघोळीचा कंटाळा." गाठ. "हा गोरख, दारात गेलं तर चहाला इचारत न्हाई." गाठ.

ह्याच माळांवर पुण्याची माणसं डोळे मिटून देवाचं नाव घेतात.

दिवाळीनंतर सगळी खेप माघारी आली. मोबाईलवर शैलजाताई म्हणाल्या, "धोंडाबाई, प्रत्येक माळेत एक मणी जास्त आहे. पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडं द्यावं लागेल."

आत्यानं मनातल्या मनात अख्खा गाव पुन्हा पालथा घातला, तवा ध्यानात आलं. गोरख आणि अमृत, सख्खे भाऊ, दिवाळीत वेगळे निघाले. चूल वाढली, मणी वाढला.

ती तडक गोरखाच्या दारात गेली. "चूल एक करा रं. माझं काम जातंय."

"अमृतला गाळा की, आत्या. म्या थोरला हाय."

भिंतीपल्याडनं अमृत म्हणाला, "म्या मेलोय व्हय? माझ्या चुलीचा धूर बघा."

आत्या माळेतनं एक घर गाळणार, ही बातमी गावभर झाली. सगुणाबाई तर पडवीत ठाण मांडून बसली. आपली गाठ पडल्याबिगर उठंना.

माळेच्या टोकाला एक मोठा मणी असतो, मेरुमणी. त्याला आत्यानं आजवर कुणाचं नाव दिलं नव्हतं. तिनं गोरखाला बोलावलं. "तू थोरला. सगळ्यात मोठा मणी तुझा."

गोरख एसटीच्या थांब्यावर अनोळखी माणसांनाबी सांगत सुटला. माळा बरोबर उतरल्या.

नवी खेप न्यायला शैलजाताई आल्या, तवा गोरख मुद्दाम आपला मणी दाखवायला आला. ताई सहज बोलून गेल्या, "मेरू जपात मोजत नाहीत. तिथवर आलं की माळ मागं फिरवायची."

गोरखाचं तोंड उतरलं. "आत्या, म्या मोजणीतच न्हाई व्हय?"

आत्यानं दोरा दातानं तोडला. "तुझ्या दारापातूर येऊन लोक माघारीच फिरत्यात की रं. चहा ठेवायला लाग, मग बघू."