रायभानमामाचे वरचे दोन दात

आमच्या चारठाण्याच्या बाजूला माणूस भेटला की लोक आधी पाऊसपाणी विचारतात. रायभानमामा आधी तोंडाकडे बघतो. डोळ्यांकडे नव्हे, तोंडाकडे. आपण जीव तोडून काहीतरी सांगत असतो आणि मामा आपल्या दाढा तपासत असतो.

त्याचा तरी काय दोष? मामाचा जन्म मेंढरांमागे गेला आणि मेंढराचा जन्मदाखला त्याच्या तोंडातच असतो. दुधाचे दात असले की पिल्लू, पुढचे दोन बदलले की दोनदाती, मग चारदाती, आणि सगळे बदलून झिजायला लागले की म्हातारी. वालूरच्या बाजारात मामा मेंढीच्या पाठीवर हात ठेवायच्या आधी तिचा खालचा ओठ ओढतो. विकणारा म्हणाला, "दोनदाती हाय," की मामा चार दात धरून चालतो. आणि ओठ ओढल्यावर खरंच दोन निघाले तर त्याला जास्तच घोर लागतो. "ह्यो खरं कामून बोलला?"

मामाच्या पोरीचं, चंदाचं लग्न ठरवायला आम्ही सोनपेठकडे गेलो होतो. बाकीचे मुलाची शेती, पाणी, भाऊबंद विचारत होते. मामाची नजर मुलाच्या तोंडावर. मुलगा, भागवत, तोंड मिटून खाली मान घालून बसलेला. मुलाचे दात दिसेनात, म्हणून मामा अस्वस्थ. शेवटी चहाचा कप घेता घेता मामा मुद्दाम बाजेवरून घसरून पडला. भागवतला हसू आवरेना, तो खदखदून हसला. मामा जमिनीवर पडल्या पडल्या म्हणाला, "चालंल." सोयरीक झाली.

मामाचा विश्वास कशावरच नाही. वजनकाट्यावर नाही, एसटीच्या तिकिटावर नाही, मोबाइलवर पावसाचा अंदाज सांगणाऱ्या बाईवर तर मुळीच नाही. "तिला कसं कळलं आपल्या शिवारातलं? कुणी सांगितलं तिला?" त्याची बायको भिवराबाई सांगते, "आमच्या लग्नात अंतरपाट धरला व्हता, तवाबी ह्ये खालून वाकून बगत व्हते. पोरगी तीच हाय का, दुसरीच हुबी केली."

अशा माणसाला मागच्या पावसाळ्याच्या शेवटी त्याच्याच मेंढ्याने टक्कर दिली. मामा वाकून पाटी उचलत होता, मेंढा समोरून आला, आणि मामाचे वरचे पुढचे दोन दात पाटीत पडले. मामाने आधी मेंढ्याकडे बघितलं, मग शेजारच्या वस्तीकडे. "ह्याला कुणीतरी शिकवलंय," एवढंच बोलला.

जखम भरली. मी म्हणालो, "मामा, जिंतूरला दातांच्या डॉक्टर आहेत. दात बसवून घ्या."

"कामून? वरचे पुडचे दात तर मेंढीलाबी नसतात. तिचं काय अडलंय?"

हे खरं आहे. मेंढीला वर नुसती टणक हिरडी असते आणि ती तेवढ्यावर अख्खा माळ साफ करते.

अडलं ते खाण्यात नाही, शिट्टीत. मामा बोटं न घालता, जीभ दातांमागे लावून शिट्टी मारायचा. लांबलचक, आणि शेवटी एक झटका. बांधावर उभं राहून त्याने ती मारली की पिकाच्या तोंडाशी गेलेला कळप जागच्या जागी वळायचा. या शिट्टीच्या भरवशावर लोक त्याचा कळप खतासाठी आपल्या रानात बसवायला बोलवायचे. शेजारी उभं पीक असलं तरी कुणाला धास्ती नसे. आता मामा ओठांचा चंबू करायचा आणि बाहेर यायचं ते नुसतं 'फुस्स'. ओरडून उपयोग नव्हता. ओरडणं मेंढरं जन्मापासून भिवराबाईच्या तोंडून ऐकत आली होती आणि त्याचं काही करायचं नसतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एके सकाळी सगळा कळप माणिकरावांच्या कोवळ्या हरभऱ्यात शिरला. मामा बांधावर उभा राहून फुसफुसत होता. माणिकराव भले माणूस. भांडले नाहीत. नुसतं म्हणाले, "रायभान, तुजी शिट्टी व्हती मनून माज्या रानाला कुंपण व्हतं." ते भांडले असते तर बरं झालं असतं. मामा दोन दिवस जेवला नाही.

भिवराबाईने सोनपेठला निरोप धाडला. जावयाने येऊन कळप घेऊन जावा, गोदाकाठी चारावा, आणि ह्यांनी आता घरी बसावं. भागवत लगेच आला. लगेच आला, हेच मामाला खटकलं.

"जावईबापू, लय घाईनं आलात?"

"मामींनी बलावलं मनून आलो, मामा."

"तुमी तिकडून इचारलं का तिनं इकडून बलावलं?"

शेवटी असं ठरलं: हरभरा काढणीला यायच्या आत शिट्टी परत आली तर कळप इथेच. नाही आली तर सोनपेठला. त्या दिवशी मामा माझ्या दारात येऊन उभा राहिला. "चल भाच्या. पर आत तू माज्या संगट बसायचं."

डॉक्टर राजेश्री आमच्याच भागातल्या, शांत स्वभावाच्या. त्यांनी मामाला खुर्चीत बसवलं. खुर्ची आपोआप मागे कलायला लागली तसा मामाने दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं. तोंड तपासून झाल्यावर बाई सांगायला लागल्या.

"मामा, तीन उपाय आहेत. पहिला, जबड्याच्या हाडात बारीक स्क्रू बसवायचा आणि त्याच्यावर दात."

"आन ढिल्ला झाला तर? पाना तोंडात घालून फिरू?"

"बरं, दुसरा म्हणजे ब्रिज. रिकाम्या जागेच्या दोन बाजूंचे दात जरा घासून बारीक करायचे, आणि त्यांच्या आधाराने..."

मामा खुर्चीतून उठला. खुर्ची अजून आडवीच होती, तरी उठला.

"काय करायचे?"

"घासायचे."

"कशानं?"

बाईंनी साधेपणाने यंत्राचं टोक दाखवलं. मामाने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच त्याला बाजारात दोरीला धरून आणलंय. आता बाईंना काय ठाऊक! जनावरांच्या बाजारात लबाड दलाल म्हाताऱ्या बैलाचे दात कानशीने घासतात आणि जवान म्हणून गळ्यात मारतात. मामाच्या लेखी जगात यापरता मोठा गुन्हा नाही.

"बाई," मामा म्हणाला, "असं करणाऱ्या एका दलालाला मी वालूरच्या बाजारातून पार वेशीपस्तोर पळवला व्हता. आन तुमी पाटी लावून त्येच करायलात?"

मदतनीस धम्मशीला तोंडावर हात धरून भिंतीकडे वळली. बाई मात्र रागावल्या नाहीत.

"मामा, मी तुम्हाला कुठं विकायला चाललेय?"

"त्ये मला काय म्हाईत? आदी तुमचं तोंड बगू द्या."

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा डॉक्टरीणबाई आपल्याच खुर्चीत आ करून बसल्या होत्या आणि मामा त्यांचाच टॉर्च घेऊन आत बघत होता.

"मागं डावीकडं टोपी आहे बघा," बाई म्हणाल्या. "माझीही दाढ घासूनच ती बसवलेली आहे."

मामाने टॉर्च विझवला. "सोताची खोड सोताच सांगितली," तो माझ्या कानात पुटपुटला. "बाजारात असं कुणी करत न्हाई. काय डाव असंल?"

तिसरा उपाय होता काढता-घालता येणाऱ्या दातांच्या पट्टीचा. घासायचं काही नाही. काढता येतात म्हणजे चोरीलाही जातात, हा मुद्दा मामाने काढलाच, पण शेवटी तीच पसंत केली. तोंडात गुलाबी लगदा भरून माप घेतलं. मग बाईंनी विचारलं, "आधीचे दात कसे होते? हसतानाचा फोटो आहे का?"

"फोटोत हासत न्हाई मी."

"बरं, काही वेगळं होतं? वाकडे, पुढं आलेले?"

मामा ताठ झाला. "काय न्हाई. येक नंबर."

पुढच्या खेपेला बाईंनी दात आधी मेणात बसवून दाखवले. म्हणाल्या, "बोलून बघा, शिट्टी मारून बघा, आत्ता बदल करता येतो." मामाने आरसा घेतला, तोंड मिटलं, "बरं हाय" म्हणाला आणि उठला. बाहेर आल्यावर मी विचारलं, शिट्टी का नाही मारली? मामाने आजूबाजूला बघून आवाज उतरवला. "कळपाची शिट्टी परक्यापुडं मारत असतेत का? कुणी उचलली तर? रातच्याला यील, शिट्टी मारंल, समदी मेंढरं त्याच्या मागं."

दात तयार होऊन आले. काय देखणे दात! पांढरेशुभ्र, एकाला एक खेटून. भिवराबाई बघतच राहिली. "आता तुमचं दुसरं लगीन लावावं," म्हणाली. मामा तडक माळावर गेला, जीभ दातांमागे लावली, छाती भरून घेतली.

फुस्स.

पुन्हा फुस्स. भागवत नेमका सोनपेठहून आलेला, तिथेच उभा होता. त्याने सासऱ्याची लाज राखायला दुसरीकडे बघितलं, आणि त्याच्या त्या दुसरीकडे बघण्यात मामाला आपला कळप सोनपेठच्या रस्त्याला लागलेला दिसला.

दुसऱ्या दिवशी मामा दवाखान्यात. पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"ह्ये माजे न्हाईत. तुमी दुसऱ्या कुणाचे तरी मला दिले."

"तुमच्याच मापाचे आहेत, मामा. कशावरून म्हणता?"

"माज्या दातात..." मामा थांबला.

"तुमच्या दातात काय?"

मामाने पट्टी उचलून पुन्हा खाली ठेवली. त्याची अडचण मला तेव्हा कळली. बाजारात आपल्या जनावराची खोड आपण कधी सांगत नाही. समोरच्याला ती सापडली तर सापडली. मामाच्या दातात काहीतरी खोड होती, आणि ती त्याने बाईंपासून अशी लपवली होती की जणू त्या त्याचा भाव पाडणार होत्या. तो माझ्याकडे बघायला लागला. मग बाईंकडे. बाईंनी आपल्या डाव्या गालावर, त्या टोपीच्या दाढेवर, एक बोट ठेवलं.

"फट व्हती," मामा एकदम म्हणाला. "दोन दातांच्या मधी. लहानपनापासून. पोरं चिडवायची."

"अहो मामा! आणि शिट्टी?"

"तिच्यातूनच."

बाईंनी कपाळाला हात लावला. "मग आधी का नाही सांगितलंत? मी तर दोन्ही दात मुद्दाम खेटून बसवले."

"तुमी खोड इचारली. कोन सांगतंय?"

पुन्हा माप, पुन्हा मेण. पण फट केवढी ठेवायची हे आता शिट्टीच ठरवणार होती, आणि ती या खुर्चीतच मारायला हवी होती. मामाने खिडकी लावायला सांगितली. धम्मशीलाला बाहेर पाठवलं, वर कानात बोटं घालायला लावली. मग मला म्हणाला, "तूबी."

"मी? मी तर ती जन्मभर ऐकतोय!"

"ऐकनं येगळं. जवळून बगनं येगळं. जा."

मी बाहेर बाकावर बसलो. दाराच्या फटीतून बाईंचा आवाज यायचा, "अजून जरा?" आणि मामाचा, "फुस्स." पुन्हा फुस्स. मग एक बारीक, पोरकट सूर. आणि मग ती. लांबलचक, शेवटी झटका. बाकावर गाल धरून बसलेली एक म्हातारी उभीच राहिली, आणि रस्त्याने चाललेली कुणाची तरी शेळी दवाखान्याच्या पायरीवर चढली. दार उघडून मामा बाहेर आला तो आधी बाकावरच्या सगळ्यांकडे बघत, कुणी शिट्टी उचलली तर नाही ना.

नवी पट्टी घेऊन आम्ही माळावर गेलो तेव्हा हरभऱ्याला घाटे धरले होते. भिवराबाई होती, भागवत होता, बांधापलीकडे माणिकराव हातात काठी घेऊन उभे होते, कारण कळप त्यांच्याच रानाच्या रोखाने निघाला होता. मामाने जीभ लावली आणि शिट्टी मारली.

पुढची म्हातारी मेंढी, भुरी, थांबली. तिने मान वळवून मामाकडे बघितलं. असं रोखून, तोंडाकडे, की मला वाटलं आता ही येऊन मामाचा ओठ ओढून बघणार. इतकी वर्षं मालकासोबत राहून तिलाही ती सवय लागली असावी. मामाने पुन्हा शिट्टी मारली. भुरी वळली. तिच्या मागे सगळा कळप वळला. माणिकरावांनी काठी खाली टेकवली.

भिवराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मामा मात्र भागवतकडे बघत होता.

"जावईबापू, मूठ उगडा."

"कामून, मामा?"

"मीठ दाखवलं असंल तुमी मागून. मिठामागं मेंढरं कुटंबी येतेत."

भागवतने दोन्ही हात उघडून दाखवले. रिकामे. मामाने माझेही बघितले. तरी त्याचं समाधान होईना. "तुमी समदे खाली सडकंवर जा. हितं कुणी थांबायचं न्हाई."

आम्ही खाली हॉटेलात येऊन बसलो. वरून शिट्टी ऐकू आली, मग मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या. पुन्हा शिट्टी, पुन्हा घंट्या.

"जावईबापू," भिवराबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "च्या घ्या आन सोनपेठची एश्टी धरा. चंदाला सांगा, कळप काय येत न्हाई."

भागवत मोकळेपणाने हसला. त्याचे सगळे दात दिसले, पण बघायला मामा नव्हता. आमचा चहा होईपर्यंत मामा वर शिट्टी तपासतच होता. मेंढरं माणिकरावांच्या बांधापर्यंत जात होती आणि परत येत होती, जात होती आणि परत येत होती.